आमच्या घरचे डिफॉल्टर

आमच्या घरात शिवी म्हणून एकच शब्द होता, 'डिफॉल्टर'. आमचे मालक फौजेतून सुभेदार होऊन उंब्रजला परतले, ते हा शब्द ट्रंकेत घालूनच. तिकडं म्हणे चूक केलेल्या जवानाला डिफॉल्टर म्हणतात; टोपी अन् पट्टा काढून साहेबापुढं उभं करतात. आमच्याकडं कुणीबी डिफॉल्टर व्हायचं. दूध सांडणारी मांजर, उशिरा उठलेली लेक, भाजीत मीठ विसरलेली मी. लेकीला टोपी नाही, म्हणून वेणीची रिबन सोडून उभं राहावं लागायचं. मग "केस डिसमिस!" म्हणत तीच रिबन हे बांधून द्यायचे, वेडीवाकडी. मला लय राग यायचा. घर आहे का पलटण, म्हणून भांडायची मी.

लेक विट्याला दिली. जावयाचं सोनं गाळायचं दुकान पार दक्षिणेत, त्यामुळं सगळं बिऱ्हाड तिकडंच. राहिलो आम्ही दोघं. गेल्या दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं अन् बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, एखादा शब्द येईलही परत.

मग काय, मी चुकाच करत सुटले! फाटक उघडं टाकलं, चहात मीठ घातलं, ह्यांच्या चपला उलट्या ठेवल्या. "आवं, बघा की काय केलं मी! कोण हाय मी?" ते नुसते बघायचे. मला ओळखतात तरी का, ही धास्ती पोटात घेऊन मी दिवस काढत होते. लेक फोनवर दिसायची, "आई, धीर धर" म्हणायची. तिला काय जातंय सांगायला! ते सरहद्दीवर असतानाही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान सुट्टीची वाट बघता यायची.

परवा सकाळी मी पेज भरवत होते. हे डाव्या हातानं स्वतःच वाटी धरायला गेले अन् सगळी पेज अंगावर सांडली. मी चिडलेच. "आवं, काय हे! आत्ताच घातलेली बंडी!" म्हणत फडकं आणायला आत गेले. परत येते तर ह्यांनी डोक्यावरची माकडटोपी ओढून काढलेली, अन् मान खाली घालून बसलेले.

म्हणजे सगळं कळत होतं ह्यांना. मिठाचा चहासुद्धा गुमान प्यालेच होते की.

रडू काही आवरेना. तशीच पुढं होऊन टोपी त्यांच्या डोक्यावर नीट बसवली, कान झाकले.

"केस डिसमिस," म्हणाले मी.