दोन बाळंतिणींचा रस्सा

माझं दुसरं बाळंतपण सासरी झालं. वैनगंगेपासून दोन कोसांवर आमचं गाव, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातलं. मागच्या कुंपणाला लागून जंगलच. धान नुकतंच घरात आलं होतं आणि मी जिथं बाळंत झाले त्याच खोलीत दोन कणग्या काठोकाठ भरलेल्या होत्या. धानामागं उंदीर येतो आणि उंदरामागं साप, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. माझं लेकरू खाली चटईवर निजायचं. म्हणून घरातल्या कबऱ्या मांजरीवर माझी सगळी भिस्त होती. आदल्या वर्षी तिनं याच खोलीत हातभर लांब साप मारला होता.

तीही त्याच आठवड्यात व्याली, कणगीच्या मागं, चार पिल्लं. सासूबाईंनी दोनदा पिल्लं उचलून गोठ्यात नेली. दोन्ही वेळा तिनं एकेक तोंडात धरून परत आणली. शेवटी सासूबाईच दमल्या. "राहू दे," म्हणाल्या, "दोघी बाळंतिणी एकाच खोलीत. पण तिले आयतं खाऊ घालाचं नाई. मांजर पोट भरून बसली का उंदीर सोडते." हा त्यांचा जुना कायदा होता आणि मामंजींपासून गड्यापर्यंत सगळे तो पाळायचे.

माझ्यासाठी रोज रस्सा व्हायचा. आमच्याकडे मटणाचं भांडं घरातल्या चुलीवर चढत नसे. अंगणात तीन दगडांची चूल मांडून सासूबाई बोकडाचे पाय शिजत ठेवायच्या. कांदा लाल करून घालायच्या, काळे मिरे घालायच्या आणि वरून लसणाचा अख्खा गड्डा सोलून ठेचून. बाळंतिणीला लसूण म्हणजे दूध, यात कुणाला शंका नव्हती. पहिले दोन दिवस मी आवडीनं प्याले. तिसऱ्या दिवसापासून त्याचा वासही नकोसा झाला. पण सासूबाईंसमोर 'नको' म्हणायची माझी छाती नव्हती. तेव्हा नव्हती, नंतर चांगलीच झाली.

त्या वाटी ठेवून गेल्या की मांजर कणगीमागून यायची आणि माझ्याकडे बघत बसायची. चार पिल्लं ओढून ओढून ती अगदी सुकली होती. मला वाटलं, हिच्या बाळंतपणाचं कोण करतंय? मी अर्धी वाटी नारळाच्या करवंटीत ओतली. तिनं चाटून लख्ख केली. मग ते रोजचंच झालं, सकाळ-संध्याकाळ. "पिली का पूरा?" सासूबाई विचारायच्या. "हो, आत्याबाई," मी म्हणायचे. पुण्य केल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

सहा-सात दिवसांनी मांजर उठेनाशी झाली. आधी वाटलं, थकली असेल. मग करवंटीजवळ आली, हुंगलं आणि परत जाऊन पडली. चुलीच्या राखेवर तिनं केलेली लघवी काळ्या चहासारखी दिसली. पिल्लं तिच्या पोटाशी बारीक म्यावम्याव करत होती आणि ती मान वर करत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं एक गार पडलं होतं. सासूबाईंनी ते सुपात घालून नेलं. त्याच दुपारी भर उजेडात एक घूस माझ्या लेकराच्या दुपट्यावरून पळाली. मी किंचाळले. मांजरीनं डोळा उघडला आणि मिटला.

घरात तर्क सुरू झाले. कुणी म्हणे साप डसला, कुणी म्हणे कुणाची नजर. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालं होतं. रस्सा मीच पाजला होता. पण रश्शानं कुणी मरतं का? तोच रस्सा तर मला पाजत होते.

बारशाच्या आदल्या दिवशी बांगड्या भरायला चांद्याची चाची आली. आमच्या गावात पिढ्यानपिढ्या तिच्याच घरचे लोक बांगड्या भरत. तिच्या घरी पाच-सहा मांजरी होत्या. माझा हात दाबून बांगडी चढवता चढवता तिची नजर कणगीकडे गेली. हात सोडून ती उठली, मांजरीजवळ बसली आणि अंगठ्यानं तिचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक होत्या.

"इले का खाऊ घातलं?" चाचीनं विचारलं.

"काईच नाई," सासूबाई दारातून म्हणाल्या. "आमी मांजरीले खाऊ घालत नाई."

"लसूण गेला इच्या पोटात. नाई तं कांदा. माई एक मांजर अशीच मेली, दावतीची यखनी, मटनाचं पानी, पिऊन. मानसाले दवा, मांजरीले जहर."

मी हातातल्या नव्या बांगड्या मागं-पुढं सारत राहिले. सांगितलं नाही तर मांजर जाणार. सांगितलं तर इतक्या दिवसांचं खोटं उघडं पडणार, तेही परक्या बाईसमोर. लेकराकडे बघितलं आणि बोलले, "मी पाजला. माझ्या वाटीतला. रोज."

सासूबाईंचा हात दाराच्या चौकटीवर होता. तो तसाच राहिला. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण त्या मांजरीजवळ येऊन बसल्या. चाचीला म्हणाल्या, "जीव वाचन का इचा?"

"दवा नाई बाई याले. जहर बंद करा, बाकी तिचं तिनं कराचं." मग चाचीनं सांगितलं, तिच्या घरी कसं करतात ते. हाडं नुसत्या पाण्यात मंद आचेवर शिजवायची. कांदा नाही, लसूण नाही, मसाला नाही, मीठसुद्धा नाही. फडक्यातून गाळायचं आणि एकेक हाड मोजून बाहेर काढायचं, कारण शिजलेलं हाड फुटतं आणि त्याची कपची मांजरीच्या घशात नाहीतर आतड्यात रुतते. गार झाल्यावर वरची चरबी काढून टाकायची. मग कोमट करून दोन चमचे, जास्त नाही. "आन नुसतं पानी पाजून मांजर जगत नाई. उठली का मांस द्या, मासोळी द्या."

त्या दिवसापासून अंगणात दोन भांडी चढू लागली. माझी वाटी मी पूर्ण संपवेपर्यंत सासूबाई समोर बसायच्या. मग मांजरीचं गाळलेलं पाणी बोटावर घेऊन तिच्या ओठांना लावायच्या. पिल्लांना कापसाच्या वातीनं शेळीचं दूध पाजायच्या. दिवसभर काठी घेऊन कणगीशी बसायच्या, उंदरांसाठी. माझ्याशी मात्र बोलणं बंद. बारसं झालं, लोक जेवून गेले, तरी नाही. आणखी एक पिल्लू गेलं. मी मनातल्या मनात रोज मरत होते. रागावल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर सुटले असते.

आठव्या दिवशी मांजर पायावर उभी राहिली. लटपटत करवंटीपर्यंत आली आणि स्वतःच्या जिभेनं प्याली. सासूबाईंनी तिचा ओठ वर करून बघितला. हिरडीवर फिकट गुलाबी रंग आला होता. मला रडू फुटलं.

"रडू नको," त्या म्हणाल्या. आठ दिवसांतले पहिले शब्द. मग मांजरीकडेच बघत म्हणाल्या, "मी बी पाजत होती. तुले वाटी द्याच्या आदी, भांड्यातला. तुयापरस जास्त."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. दोन पिल्लं माझ्या माथी घेऊन मी आठ दिवस काढले होते आणि ही बाई समोर बसून मला बघत होती. "मंग त्या दिवशी बोलल्या काऊन नाई?" मी ओरडले. सासूबाईंना उलट बोलण्याची ती माझी पहिली वेळ.

"घरभर कायदा सांगत फिरली मी. चाचीसमोर कसं बोलू?" त्यांनी पदरानं डोळे पुसले. "तू बोल. आठ दिवसाचं साचलं असन, बोल सारं."

मी रिकामी करवंटी उचलून त्यांच्यापुढं सरकवली. "आदी इले मासोळी द्या," मी म्हणाले.