आत घेतलेली कंबर

“दवाखान्यात मी शेजारीच उभी होते. आणि माझ्या तोंडावर डॉक्टरांना म्हणाले, मिळेल ते खातो,” सून म्हणाली. बोलत होती नवऱ्याशी, ऐकवत होती सासऱ्यांना.

जीभ घसरली असेल, जाऊ दे, असं मुलगा म्हणाला. त्यावर ती म्हणाली, पाय जागचे हलेनात आणि जीभ तेवढी बरी घसरली.

सासरे, म्हणजे शिंपीकाम करणारे मास्तर, खिडकीशी खुर्चीत बसून सुईत दोरा ओवत होते. शिवायला हातात काहीच नव्हतं.

सकाळी दुकानात ते एका लठ्ठ गिऱ्हाइकाच्या पँटच्या मोहरीला टाचण्या लावायला गुडघ्यांवर बसले आणि मग उठताच येईना. जन्मभर लोकांच्या पायाशी बसून उठलेला माणूस. शेवटी त्या गिऱ्हाइकानं, पँटचा एक पाय दुमडलेला आणि एक लोंबता अशा अवतारात, काखेत हात घालून त्यांना लहान मुलासारखं उचललं. मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे नको म्हणायचीही सोय नव्हती.

सून घरून धावत आली, दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी पोटरी चिमटीत धरून पाहिली आणि विचारलं, जेवणात काय असतं? मास्तर म्हणाले, मिळेल ते खातो. डॉक्टरांनी सुनेकडे नुसतं पाहिलं. पुढचं सगळं तिलाच सुनावलं: या वयात मांस झिजत जातं, ते राखायला प्रथिनं तरण्या माणसापेक्षा जास्तच लागतात, चहा-पावावर भागत नाही. प्रत्येक जेवणात अंडं, मासा, दूध, डाळ असं काहीतरी हवंच, आणि रोज खुर्चीतून उठाबशा. सून मान खाली घालून ऐकत होती. तिचे कान लाल झालेले मास्तरांनी पाहिले होते, आणि तरी ते गप्प राहिले होते.

खरं तर ती रोज नीट जेवायला वाढत होती. रोज संध्याकाळी दोन ताटं झाकून ती कामाच्या पाळीला जायची. दोन्ही ताटांत अंडी, नाहीतर माशाचे तुकडे. ती गेली की मास्तर आपल्या ताटातलं उचलून मुलाच्या ताटात सारायचे. दिवसभर ओझी उचलतो पोरगा. आपण बसून चार बटणं लावणार, आपल्याला काय करायचंय? असा हिशोब त्यांना कुणी शिकवला नव्हता. त्यांचे वडीलही असंच करायचे. तेव्हा कमावते मास्तर होते, आणि ताटातला जास्तीचा घास त्यांनी कधी न विचारता खाल्ला होता. वडिलांचा कोट ढिला झाला तेव्हा त्यांनी तो बाजूंनी शिवण मारून आत घेऊन दिला होता, आणि शिवण दिसतसुद्धा नाही म्हणून स्वतःवरच खूश झाले होते.

आता तीच करामत ते स्वतःच्या कपड्यांवर करत होते. पँट ढिली झाली की कंबर आत, सदरा लोंबला की बाजू आत. सुनेला संशय कसा येणार? कपडे अंगावर कसे मापात.

सून पुन्हा म्हणाली, “उद्या शेजारीपाजारी हेच म्हणतील, सून सासऱ्याला उपाशी ठेवते. म्हणू देत. मी तरी कुणाकुणाला ताट दाखवत फिरू?”

मास्तर खुर्चीचे हात धरून, दुसऱ्या खेपेला, उठले. आत जाऊन त्यांनी पँट उतरवली, मागची शिवण उसवली आणि तीच पुन्हा चढवली. कंबर मुठीत धरून ते बाहेर आले.

मुलाला आधी हसू फुटलं. मग मुठीतलं कापड किती आहे ते त्याला दिसलं.

“एवढा मी कमी झालोय,” मास्तर म्हणाले. “हिला दिसू नये म्हणून आत घेत गेलो. हिनं वाढलेलं रोज तुझ्या ताटात टाकत होतो.”

“मला वाटायचं, हीच जास्त वाढते,” मुलगा म्हणाला आणि बायकोकडे बघायचं टाळून टेबलावरचा पेला उगाच सरकवला.

सुनेनं विचारलं, “मग तिथं का नाही सांगितलंत, बाबा?”

“लाज वाटली. उचलून उभं केलेल्या माणसाला आणखी काय वाटणार? ती लाज तुझ्या माथी मारली.”

सुनेनं पदरानं डोळे पुसले नाहीत. पुसले असते तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

“उद्या दवाखान्यात जाऊन खरं काय ते मी सांगणार आहे, तुझ्यासमोर,” मास्तर म्हणाले. “माझ्या ताटातलं यापुढे कुणाला मिळणार नाही. आणि घरातला एकही कपडा मी आता आत घेणार नाही.”