नानांनी माझ्या हातात दिलेला हातोडा

काकीचा फोन आला तेव्हा मी पेणच्या एस.टी. स्टँडवर रोह्याच्या गाडीची वाट बघत होते. शनिवार होता आणि शनिवारी मी नानांकडे जायचं हे ठरलेलंच. "गो, कुठं हायस?" एवढंच ती म्हणाली... मग फोन शेजारच्या कुणीतरी घेतला. नाना जेवून उठले, हात धुवायला मोरीत गेले आणि तिथंच बसले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. याला आता पाच आठवडे झाले. मला लिहायची सवय नाही, आणि हे लिहावं की नाही हेही नीट कळत नाही. पण एक गोष्ट कुणाला तरी सांगायला हवी होती, ती मी उशिरा सांगितली.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. माझे बाबा खांबजवळच्या आमच्या गावात भात आणि वाल करतात. नानांनी धाटावच्या एका कंपनीत फिटर म्हणून सगळी नोकरी काढली आणि रोह्यातच घर केलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. प्रवेशाच्या दिवशी नाना माझ्याबरोबर पेणला आले आणि फॉर्मची मागची बारीक अक्षरंसुद्धा त्यांनी खिडकीसमोर उभं राहून वाचली. मागे रांग खोळंबली. कारकून म्हणाला, "काका, सगळ्यांचा फॉर्म सारखाच असतो." नाना म्हणाले, "म्हणूनच कोण वाचत नाय." मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

नाना कुणावरच विश्वास ठेवत नसत. कंपनीत दुसऱ्याने आवळलेला नट ते पुन्हा सैल करून स्वतः आवळायचे, मग तो साहेबासमोर आवळलेला असला तरी. त्यांच्याकडे एक जुनी पांढरी व्हॅन होती. ती एकदा गॅरेजला देताना त्यांनी बदलायच्या पार्टवर आधीच कानशीने एक बारीक रेघ ओढून ठेवली होती. गाडी परत आली तेव्हा नवीन म्हणून बसवलेल्या, रंग फासलेल्या पार्टवर तीच रेघ होती. त्यानंतर व्हॅनला बाहेरचा हात लागला नाही. डॉक्टरांबद्दलही त्यांचं हेच मत. "ते पण गॅरेजवालेच. एकदा आत गेलं की चार कामं काढतात."

ते जायच्या आधीच्याच रविवारी व्हॅनचा पुढचा बॉल जॉइंट बदलायचा होता. चाक ज्याच्यावर डावं-उजवं वळतं तो हा खालचा सांधा. त्याचा निमुळता दांडा वरच्या लोखंडी डोळ्यात बसलेला असतो, आणि वर्षानुवर्षं पाणी लागलं की तो तिथं असा गच्च धरतो की नट काढला तरी सुटत नाही. नानांनी आदल्या दिवशीच तेल सोडून ठेवलं होतं. त्यांचा जॅकवरही विश्वास नव्हता, म्हणून गाडीखाली लाकडाचे दोन ठोकळे, आणि शिवाय काढलेलं चाकही आडवं सारलेलं. नट त्यांनी सैल केला, पण पूर्ण काढला नाही. "चार आटे राहू दे. नायतर सुटला की उडून अंगावर येईल."

आणि मग त्यांनी मोठा हातोडा माझ्या हातात दिला.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आजवर माझं काम म्हणजे पाने पुसणं आणि बॅटरी धरणं. ते एका बाजूने दुसरा हातोडा टेकवून बसले आणि म्हणाले, "दांड्यावर नाय मारायचं. डोळ्याच्या बाजूला मार. लोखंड हललं की तो आपोआप सोडतो." मी मारला. काहीच झालं नाही. पुन्हा मारला. "कॉलेजात काय भजी खायला जातेस काय गो? मार!" मला वाटलं, माझी परीक्षा चालली आहे. शिकून हात मऊ झालेत का, ते बघतायत. रागाने मी सात-आठ घाव घातले आणि अचानक ठक्क करून सांधा सुटला. नाना हसले नाहीत. डाव्या हाताने टेकवलेला हातोडा त्यांनी खाली ठेवला... नुसता ठेवला नाही, तो हातातून गळल्यासारखा पडला. त्यांनी उजव्या हाताने डावा खांदा दाबून धरला. शर्ट घामाने भिजला होता. मारत मी होते, आणि घाम त्यांना आला होता.

"काय झालं नाना?"

"काय नाय. धरलाय जरा. तू नवीन बसव, मी सांगतो."

नवीन जॉइंट मी बसवला, नट मी आवळला, तो फिरू नये म्हणून त्यातून घालायची पिनही मीच वाकवली. संध्याकाळी एस.टी.त बसले तेव्हा मनात एकच होतं : मी गेल्यावर हे पुन्हा खाली शिरणार आणि सगळं सैल करून स्वतः आवळणार.

दहाव्याला काकीने सगळ्यांसमोर विचारलं, "कुणाला काय बोलले होते का? कुठं दुखतंय, खुपतंय?" मी मान खाली घातली. त्या दिवसापासून एकच प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. नानांनी हातोडा माझ्या हाताची खात्री पटली म्हणून दिला, की त्यांना तो उचलवत नव्हता म्हणून? पहिलं खरं असेल तर आयुष्यभर पुरेल एवढं आहे. दुसरं असेल तर मी डोळ्यांनी बघितलं आणि गप्प बसले. मी तेव्हा संशय घेतला, पण चुकीच्या गोष्टीचा.

गेल्या रविवारी रोह्याला जाऊन काकीला सगळं सांगितलं. खांदा, घाम, गळलेला हातोडा. ती तांदूळ निवडत होती, थांबली नाही.

"मला बोलले नायत," ती म्हणाली. "पण दुसऱ्या दिवशी मला त्याच गाडीतून पेणला घेऊन गेले, बहिणीकडं. बसायच्या आधी मी म्हटलं, पोरीनं आवळलाय, एकदा बघा तरी. तर म्हणाले, तिनं केलंय ना, मग बघायचं काय त्यात?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकीने सूप खाली ठेवलं.

"तवाच मला संशय आला, गो. उभ्या जन्मात हा माणूस असं बोलला नव्हता. रस्ताभर मी त्यांच्या तोंडाकडं बघत व्हते. पण इचारलं नाय."

मग मी अंगणात गेले, पाना घेतला, गोणपाट अंथरलं आणि व्हॅनखाली शिरले. पिन माझीच होती, मी वळवली होती तशीच वेडीवाकडी. ती सरळ करून काढली आणि नटाला पाना लावला. तो हलला नाही. नानांनी हातोडा का दिला ते त्यावरून कळणार नव्हतं, हे मला शिरायच्या आधीच ठाऊक होतं.

"काय करतेस गो खाली?" काकीने दारातून विचारलं.

"बघतेय," मी म्हटलं.

"बघ," ती म्हणाली. "नीट बघ."