आई उठली तेव्हा

आज चंद्रपूरच्या बाजारात मोहफुलांचा गोडसर, आंबूस वास आला आणि सिंदेवाहीचं आमचं अंगण आठवलं. त्या दिवशी तिथे मोहफुलं वाळत घातली होती. ताईने बल्लारपूरच्या सलीमशी लग्न ठरवल्याचं नुकतंच सांगितलं होतं. बाबा ओरडले, "गेली तर तू आमाले मेली!"

कधीही उलट न बोललेली आई उठली आणि ताईच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. "मंग माह्याही नावानं आंघोळ करा. मी हिच्यासंगं जातो."

"समाज आपल्याले टाकन," बाबा पुटपुटले.

"तो टाकन तवा टाकन. तुमी आधीच पोरीले काऊन टाकून राह्यले?"

बाबा वाळत घातलेल्या फुलांपाशी जाऊन बसले. तेव्हा ते मला क्रूर वाटले होते. आता कळतं, ते घाबरले होते. आईही घाबरलीच असेल, पण तिचा हात हलला नाही.

ताईच्या लग्नादिवशी सगळ्यांच्या आधी बाबाच तयार होऊन बसले होते.