भिवाकाकांची झोप

माझ्या दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या झोपी गेलेलं गिऱ्हाईक आजवर एकच, भिवाकाका. तेही एकदा नाही, दोनदा. इतकी वर्षं झाली तरी ती लोखंडी खुर्ची मी टाकून दिलेली नाही. बायको म्हणते, गंजली, भंगारात घाला. मी ऐकत नाही.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. कल्याणला बाजाराच्या तोंडाशी माझं दुकान. पाटीवर ‘रेडिओ व टेपरेकॉर्डर दुरुस्ती’ असं लिहिलेलं, पण रेडिओ दुरुस्तीला आणणारी माणसं संपत आली होती. पोटासाठी मी व्हिडिओ गेम विकायला लागलो. टीव्हीला जोडायचे वेगळे, हातात धरून खेळायचे वेगळे. कोपऱ्यात एक सेकंडहँड कॉम्प्युटरही विकायला मांडून ठेवला होता. डोंबिवलीची कॉलेजातली मुलं यायची, त्याच्यावर तासभर मोटारींची शर्यत खेळायची आणि ‘काका, घरी विचारून सांगतो’ म्हणून पसार व्हायची. माझं डोकं फिरायचं, पण गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक.

अशा एका दुपारी मंजुळामावशी आल्या. ठाण्याच्या कोपरीच्या कोळीण. आठवड्यातून दोनदा सुकी मासळी घेऊन कल्याणच्या बाजारात बसायच्या. मासळीची रिकामी पाटी त्यांनी माझ्या दारात आडवी ठेवली, म्हणजे दुसरं कुणी गिऱ्हाईक आत यायची सोयच उरली नाही. बोंबलाचा वास मात्र आधीच आत आला होता.

“भाऊ, बिछान्यावर परून खेलता येल असा गेम हाय? पन आवाज बिलकूल नको.”

“पडून खेळायचा? बजेट किती, मावशी?”

त्यांनी पदराची गाठ दाखवली. “दोनशे. वर एक रुपया नाय.”

दोनशे रुपयांत आणि वर आवाज नको! मी हसलो. त्या हसल्या नाहीत. आधी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी गेल्या, वाकून त्याला कान लावला. आतला पंखा घरघरत होता. “ह्यो नाय. ह्यो घोरतो,” म्हणाल्या. चाळीस हजारांच्या वस्तूचा निकाल एका वाक्यात लागला.

मग मी काउंटरवर हातातले गेम मांडले. वरून विटा पडतात, त्या नीट रचायच्या, एक ओळ भरली की ती नाहीशी होते, तो खेळ. तेव्हा तो घराघरांत होता. मावशींनी एकेक गेम उचलला. तळहातावर तोलला, पोटाशी अंगठ्याने दाबला, उलटा करून पाहिला. सुरमई घेताना बघतात, अगदी तसं. आणि त्यातला सगळ्यात जड होता तो बाजूला काढला.

“मावशी, वजन सेलचं आहे. चार सेल लागतात त्याला. हलका घ्या, तो दोनांवर चालतो.”

“मना शिकवतंस? चालीस वरसं मासली विकतंय मी. हलकं ते आतून पोकल.”

आवाजाचं म्हणाल तर या स्वस्तातल्या गेमना आवाज बंद करायचं बटणच नव्हतं. मी म्हटलं, स्पीकरची वायर कापून देतो. मावशींनी माझा हात धरला. “कापायची नाय. सोडव नुसती. चांगली वस्तू अधू कशाला करायची?” मी मुकाट्याने स्क्रू काढले, वायरचं टोक सोडवलं, चिकटपट्टी लावून आतच ठेवलं. गेम मुका झाला. मावशी खूश होऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी परत हजर. गेम काउंटरवर आपटला.

“ह्यो तर दात वाजवतो!”

म्हणजे बटणं वाजत होती. कडक प्लास्टिकची बटणं, दाबली की टकटक. मला राग आला. एवढ्याशा टकटकीने कुणाचं काय बिघडतं, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. तेव्हा मावशी त्या लोखंडी खुर्चीवर टेकल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांची सून जनी, पाच महिन्यांची पोटुशी. आधीची दोन मुलं दिवस भरायच्या आतच गेली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की बाळंतपणापर्यंत उठायचं नाही, आडवं पडून राहायचं. पण सकाळी उठून जाळी विणणारी, पाणी भरणारी पोर आडवी पडून राहणार किती? दिवसभर छताकडे बघून रडायची. शेजारच्या पोरीचा गेम तिच्या हाती आला तर दोन तास हलली नाही. म्हणून मावशी गेम शोधायला निघाल्या होत्या.

“मग खेळू दे की. वाजली बटणं तर वाजली.”

“आमचे हे जागं होतात ना!”

‘हे’ म्हणजे भिवाकाका. आयुष्यभर खाडीत होडी घेऊन गेलेला माणूस. जाळं लावायचं, होडीतच पडायचं आणि जाळ्याला मासा लागला की पाण्यातल्या बारीक आवाजाने जागं व्हायचं. पुढे खाडीत कंपन्यांचं पाणी आलं, मासळी गेली, होडी विकली आणि काका एका कारखान्यावर रात्रपाळीचे वॉचमन झाले. होडी गेली तरी कान होते तसेच राहिले. दिवसा घरी झोपायचे, पण कुठे खुट्ट झालं की ताडकन उठून बसायचे आणि ओरडायचे, “लागला रं!”

घर एका खोलीचं. बाहेर निजावं तर शेजारी पत्रे ठोकण्याचं गॅरेज. आणि सासरा जागा झाला की जनी उठून बसायची. सासऱ्यासमोर सुनेने अंग टाकून पडायचं, हे तिच्या मनाला पटतच नव्हतं. मावशींनी सांगून पाहिलं, नवऱ्याने सांगून पाहिलं, खुद्द काकांनी दाराकडे तोंड करून सांगितलं, “पोरी, पर गो.” तरी काका उठले की तीही उठायची. पदर डोक्यावर घ्यायची आणि चहाला आधण ठेवायची.

“म्हंजे कसं हाय भाऊ, हे निजले तर ती निजेल. ती निजली तर पोर जगेल.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. सकाळपासून मी डोंबिवलीच्या मुलांवर खेकसत होतो त्याचीही लाज वाटली.

“पण मावशी, काकांना कुठला आवाज ऐकू जातो न् कुठला नाही, हे मला दुकानात बसून कसं कळणार?”

“त्यांनाच आनते,” मावशी म्हणाल्या.

मला वाटलं, गंमत करताहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मावशी दारात आणि मागे भिवाकाका. वॉचमनचा खाकी शर्ट अंगावर, रात्रभर जागून डोळे लाल झालेले. बारीक, काटक माणूस. मला हात जोडून म्हणाले, “शेट, ही ऐकत नाय. कुठं निजू?”

मी खुर्ची दाखवली. पाच मिनिटांत काकांची मान छातीवर आली. मी आणि मावशी काउंटरमागे दबून बसलो. मुके केलेले तीन गेम समोर होते. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना मी तोंडावर बोट ठेवून परतवलं. धंद्याच्या वेळेला गिऱ्हाइकाला हाकलणारा दुकानदार कल्याणात तेव्हा मी एकटाच असेन.

पहिला गेम घेतला, कडक बटणांचा. टक, टक...

“लागला रं!” काका खुर्चीतून उभेच राहिले. दोन्ही हात जाळं ओढायला पुढे. शेजारचा फरसाणवाला धावत आला, त्याला वाटलं कुणाला करंट लागला.

पुन्हा निजवलं. दुसरा गेम, जरा मऊ बटणांचा. मी चार विटा रचल्या असतील नसतील, तेवढ्यात “लागला!” या खेपेला मावशींना हसू आवरेना. तोंडात पदर कोंबून त्या काउंटरखाली बसल्या आणि मीही त्यांच्या शेजारी बसलो. काका बिचारे ओशाळून म्हणाले, “मी मुद्दाम नाय करत गो.”

तिसरा गेम रबरी बटणांचा. हलका, दोन सेलवाला. मावशींनी स्वतःच्या हातात घेतला. त्यांना खेळ येत नव्हता, त्या नुसत्या बटणं दाबत राहिल्या. काका हलले नाहीत. मावशी जवळ गेल्या, अगदी कानाशी. काका शांत. मी घड्याळ लावून दहा मिनिटं मोजली. माणूस ढिम्म.

“ह्यो!” मावशी म्हणाल्या. “ह्यो कितीचा?”

दोनशे वीसचा होता. पहिला गेम परत घेऊन मी दोनशे म्हणालो. तर म्हणतात कशा, “एकशेऐंशी. न् सेल वर टाक, आम्ही नाय का वाट्यावर दोन कोलंब्या टाकत?” टाकले. तक्रार करायला तोंडच राहिलं नव्हतं.

त्यानंतर मी एक आगाऊपणा केला. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दुकानात टांगलं, ‘झोपलेला माणूस उठत नाही! खात्रीचा गेम.’ चार महिन्यांत रबरी बटणांचे सतरा गेम विकले. त्यातला एक रेल्वेतल्या रात्रपाळीवाल्याच्या बायकोने नेला, एक दहावीच्या मुलाच्या आईने. येईल त्याला मी काकांची गोष्ट सांगायचो, हातवारे करून, ‘लागला रं’सकट.

मावशींचं बाजाराला येणं कमी झालं होतं. आल्या की दारातूनच हात हलवायच्या. “परून हाय!” एवढंच ओरडायच्या, म्हणजे जनी पडून आहे, आणि मला तो दिवस बरा जायचा. घरी बायको रोज विचारायची, कोपरीची काय खबर? न पाहिलेल्या त्या पोरीची काळजी आमच्या घराला लागली होती.

आणि एका सकाळी, दहाच्या सुमाराला, भिवाकाका एकटेच दुकानात आले. तोच खाकी शर्ट. हातात तो गेम. मी आधी त्यांच्या मागे मावशी दिसतात का ते पाहिलं.

काकांनी गेम काउंटरवर ठेवला. “पंढरीशेट, ह्याची वायर जोड.”

“काका...”

“पोरगी झाली. चवदा दिसांची हाय. असला आवाज हाय तिचा, गॅरेजवाला पन बगायला आला.”

मी काउंटरवरून उडी मारायचाच बाकी होतो. फरसाणवाल्याला हाक मारली, पेढे नाही तर जिलेबी आण म्हटलं. काका हसत होते, पुढचे दोन दात नसलेलं मोठं हसू. मी स्क्रू काढायला घेतले आणि तोऱ्यात म्हणालो, “बघा, माझ्या गेमने काम केलं की नाही? चार महिने तुमची झोप मोडली नाही.”

काकांनी वर टांगलेला पुठ्ठा पाहिला. अक्षर लावून लावून वाचला. मग गालातल्या गालात हसून म्हणाले, “शेट, राग मानू नको. मी जागाच व्हतो.”

“कधी?”

“हितं पन. तिसऱ्या येलंला. मंजुलानं कानाशी टुचुक टुचुक लावलं, लगेच जागा झालो. पन म्हटलं, आता उठलो तर ही पुन्हा दुसरं दुकान धरंल. त्यापरीस हलायचंच नाय. मग घरी पन तसंच. भिंतीकरं तोंड करायचं न् परून र्‍हायचं. मी निजलोय असं वाटलं की पोर निवांत आडवी. दुपारी तिचा डोला लागला की मग मी निजायचा.”

माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. चार महिने हा माणूस रात्री पहारा करत होता आणि दिवसा झोपेचं सोंग.

“कंटाळा नाही आला, काका?”

“कंटाला? अरे, बटनांवरून मना सगलं कलायचं. सावकाश वाजली तर डाव बरा चाललाय. तरातरा वाजली की विटा वर आल्या. मग एकदम गप्प, म्हंजे हरली. मी भिंतीकरं बघून मनात म्हनायचा, पुन्हा लाव पोरी. ती पुन्हा लावायची.” त्यांनी गेमकडे बोट केलं. “पन जिंकली की काय वाजतं, ते कदी ऐकलं नाय. म्हनून आलोय. आता घरात निजतंय कोन?”

आतलं वायरचं टोक चिकटपट्टीत होतं तसंच होतं. मी ते जोडलं. डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून सोल्डरच्या एका टाक्याला दोनदा हात लावावा लागला, सांगायला कसली लाज! नवे सेल घातले आणि बटण दाबलं. बारीक, चिरकी धून वाजली. मी विटा रचल्या, एक ओळ भरली, ‘टिंग टिंग टिंग’ झालं.

“हीच? जिंकली की हीच वाजते?”

“हीच.”

“अजून एकदा लाव.”

काका त्या लोखंडी खुर्चीवर बसले, डोळे मिटले. मी खेळत राहिलो. ओळ भरली की त्यांच्या ओठांवर हसू यायचं. चौथ्या-पाचव्या ओळीनंतर हसू आलं नाही. पाहिलं तर मान छातीवर. या खेपेला मी फसणार नव्हतो. गेम घेऊन उठलो, त्यांच्या कानाशी नेला आणि मुद्दाम अख्खी ओळ भरली. टिंग टिंग टिंग.

काका घोरत होते. मी स्टुलावर चढून आधी तो पुठ्ठा काढला, मग शटर अर्धं खाली ओढलं आणि फरसाणवाला जिलेबी घेऊन आला तेव्हा त्याच्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं.