नखाएवढा कार्बन

धर्मराजला रजा मागता येत नव्हती असं कारखान्यातले लोक अजून सांगतात. खोटं आहे. मागता चांगली येत होती, मिळत नव्हती. मी त्याच्या शेजारी उभा राहून अकरा वर्षं काढली आहेत, तेव्हा हे मी सांगायचं, दुसऱ्या कुणी नाही.

बेळगावच्या उद्यमबागेत आमचा कारखाना. मालक मारुतीरावांनी १९८० साली परदेशातून लोखंड कातायचं एक जुनं लेथ मशीन आणलं, कॉम्प्युटरवर चालणारं. त्यावर मी ऑपरेटर आणि धर्मराज इलेक्ट्रिशियन. मी खानापूरहून रेल्वेनं यायचो, तो पिरनवाडीहून सायकलनं. मशीनच्या पाठीमागं एका कपाटात अ‍ॅम्प्लिफायर होता. आम्ही त्याला डबाच म्हणायचो. कॉम्प्युटरचा हुकूम फार बारीक आवाजातला. मोटरला तो पाळता येईल एवढा दमदार करायचं काम डब्याचं. आणि मोटर खरोखर किती वेगानं फिरतेय हे डब्याला उलट कळवायला मोटरच्या मागच्या टोकाला एक छोटा जनरेटर होता, टॅको. टॅको सांगणार आणि डबा त्याप्रमाणं मोटरला आवरणार किंवा दामटणार. यापेक्षा जास्त मालकांनाही कळत नव्हतं.

पुढच्याच वर्षी टॅकोमधले, फिरत्या भागाला टेकून त्याची वीज बाहेर आणणारे कार्बनचे दोन तुकडे झिजले. नखाएवढे तुकडे, पण परदेशातून यायला सहा महिने लागणार होते. सहा महिने वाट बघायची असते हे बेळगावात कुणालाच पटत नाही. जे मिळत नाही ते घासून, ओतून, कातून घरी करायचं ही इथली रीत, आणि त्याचा आम्हाला केवढा तोरा! धर्मराजनं भंगारातल्या जीपच्या डायनामोचा कार्बन काढला, पॉलिश पेपरवर घासला आणि दुपारपर्यंत मशीन चालू केलं. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाल्यावर मालकांनी सगळ्यांसमोर त्याला फेटा बांधला. मीही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला आता राग येतो.

दोन-तीन महिन्यांनी मशीन सकाळच्या वेळी थरथरायला लागलं. कातलेल्या मालावर लाटा उठायच्या. धर्मराज कपाट उघडून डब्यावरचा एक बारीक स्क्रू अंदाजानं फिरवायचा, की मशीन गप्प. दुपारी ते तापलं की आळसावायचं, मग स्क्रू परत मागं. पावसाळ्यात हवेला ओल आली की दिवसातून चार-पाच वेळा. हे दुसऱ्या कुणाच्या हाताला साधेना. "डबा म्हातारा झालाय," तो म्हणायचा. त्यालाही ते खरंच वाटत होतं.

मग सुरू झाली त्याची चाकरी. पाळीच्या आधी अर्धा तास हजर, रविवारीसुद्धा. अंगात ताप असला तर मालकांची जीप पिरनवाडीत जाऊन उभी राहायची. एकदा त्याला आणायला मी गेलतो, तेव्हा त्याची बायको सोनुबाई दारातच म्हणाली, "गुंडूभाऊजी, ह्यो नवरा माझा हाय का त्या डब्याचा, येवढं सांगा." मी हसलो. ती हसत नव्हती.

धर्मराजची खरी ओढ निपाणीला होती. आई लहानपणीच गेलेली, थोरली बहीण तानुआक्कानं तंबाखूच्या वखारीत राबून त्याला आयटीआयपर्यंत शिकवलं होतं. स्वतः लग्न केलं नाही. तंबाखूच्या धुळीनं तिची छाती धरली होती. निपाणी म्हणजे बसनं दोन तास, पण हा वर्षातून दोनदा दुपारनंतर जायचा आणि दिवे लागायच्या आत परत बस धरायचा. ती दर वेळी म्हणायची, एक रात तरी राहा. आणि हा दर वेळी सांगायचा, मशीन बंद पडंल आक्का.

पुढं पुढं तिला अंथरुणावरून उठवेना. तेव्हा त्यानं मालकांच्या मागं धोशा लावला, डबा गेलाय, नवा आणा. मला म्हणाला, "नवा बसला की पंधरा दिस आक्काजवळ ऱ्हाणार बघ. तिला न्हाऊ घालणार, दवाखान्याला नेणार. आता मी लई दमलोय, गुंडू." मालकांनी हो म्हणायला वर्ष घालवलं. १९८८ च्या श्रावणात बंगळूरहून नवा अ‍ॅम्प्लिफायर आला, बरोबर तो बसवायला एक इंजिनियर.

नवा डबा बसला आणि मशीन आधी कधी थरथरलं नव्हतं एवढं थरथरलं. इंजिनियरनं दोन दिवस सगळे स्क्रू फिरवून पाहिले. तिसऱ्या दिवशी त्यानं हात झटकले. मशीनच झिजलंय, म्हणाला, हा डबा मी परत नेतो.

"मग जुनाच लावा," मालक म्हणाले. "आपला धर्मराज आहे की. तो चालवेल."

सगळ्यांना हायसं वाटलं. कुणीतरी त्याच्या पाठीवर थापही मारली. इंजिनियर हरला आणि आमचा माणूस जिंकला, असा एकूण रंग होता. धर्मराज मात्र कपाटाकडं बघत नव्हता, मोटरकडं बघत होता. दोन्ही डब्यांवर तीच थरथर, म्हणजे दोष डब्यात नाही. मग बाहेर असं काय आहे, ज्याला त्याचाच हात लागलाय? हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि गप्प राहिला असता तर ते जन्मात कुणाला कळलं नसतं.

"मालक, टॅको उघडतो," तो म्हणाला.

त्यानं कार्बनचा तुकडा तळहातावर ठेवून पुढं केला. "ह्यो माझा हाय. जीपच्या डायनामोचा. मीच घासून घातलेला."

इंजिनियरनं त्यावर नख ओढून पाहिलं. टॅकोच्या कार्बनमध्ये चांदी मिसळलेली असते, त्यानं सांगितलं, साधा कार्बन चालत नाही. म्हणजे सात वर्षं टॅको चुकीचं सांगत होता आणि डबा ते खरं मानून मोटरला हिसके देत होता. त्याच्या बॅगेत चांदीच्या कार्बनची जोडी होती. दहा मिनिटांत मशीन शांत झालं. मग खात्री करायला त्यानं जुना डबा जोडून पाहिला, तर त्यावरही शांत.

"आग रामेश्वरी आन् बंब सोमेश्वरी!" मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. मालक रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चला, आता धर्मराज महिनाभर गेला तरी काही अडणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्याला निपाणीच्या बसमध्ये बसवलं. पंधरा दिवस तो राहिला. आक्काला न्हाऊ घातलं, दवाखान्यात नेलं, सगळं केलं. मशीन एकदाही थांबलं नाही. परत आल्यावर चहा पिताना त्यानं मला पहिल्या दिवसाचं सांगितलं.

पिशवी बघून आक्का म्हणाली होती, "मशीन बंद पडलं व्हय रं?"

"न्हाय आक्का, बरं झालं." मग त्यानं तिला कार्बनचं सगळं समजावलं. केवढा तुकडा, म्हणून स्वतःचं नख दाखवलं.

तिनं त्याचा हात हातात घेतला आणि ते नख बराच वेळ बघितलं. "येवढ्यापायी?" ती म्हणाली. "येवढ्यापायी तू सात वर्सं माझ्याकडं एक रात ऱ्हायला न्हाईस?"



हे मला सांगताना धर्मराजला रडू आलं.