भोगीच्या भाजीतलं गाजर

मेथीचं आणि किश्शांचं एकसारखं असतं. वरवर खुडलं की खालून पुन्हा फुटतं. आमच्या सोसायटीशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही चार म्हातारी माणसं हिवाळी भाजी लावायला लागलो, तेव्हापासून भाजी ताटभर निघते आणि किस्से टोपलीभर. ते सांगायला मी योग्य माणूस आहे का, याची मला शंकाच आहे. आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, डॉक्टरेटही त्यातच केली, त्यामुळे प्रत्येक वाक्याला 'बहुधा' जोडायची सवय लागली आहे. आमची ही म्हणते, "लग्नात भटजींनासुद्धा तुम्ही 'बहुधा हो' म्हणाला होतात."

तसं झालं नसावं. बहुधा.

*

आधी मंडळी सांगतो. पगारे मनमाडचे, रेल्वेत गार्ड होते. शिट्टी अजून खिशात असते. आहेर वहिनी सटाण्याकडच्या शेतकरी घरातल्या, इथे शाळेत मुख्याध्यापिका होत्या. बोलतात अगदी पुस्तकातल्यासारखं, पण चिडल्या की आतली अहिराणी बाहेर येते. गांगुर्डे तहसील कचेरीतून निवृत्त झाले आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून नैसर्गिक शेतीत शिरले. चौथा मी.

यंदा दसरा झाल्यावर पगारेंनी शिट्टी वाजवून सभा घेतली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, सगळ्या सोसायटीला प्लॉटवर जेवायला बोलवायचं. बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी. वांगी, वाल, मटार, हरभरा, गाजर, जे काही पडेल ते आपल्याच मातीतलं. ज्याचं त्याने सगळ्यांसमोर काढायचं.

"बाजारातलं एक पानसुद्धा पातेल्यात जाणार नाही," पगारेंनी जाहीर केलं.

वांगी आणि वाल वहिनींनी घेतले, मटार गांगुर्ड्यांनी, हरभरा पगारेंनी. मी गाजर मागून घेतलं. सगळ्यांना वाटलं, सर धाडसी आहेत. खरं कारण असं की गाजर जमिनीच्या आत असतं, म्हणजे अपयश निदान झाकलेलं राहील. घरी आल्यावर हा विचार मी हिला सांगितला.

"भोगीपर्यंतच ना?" ती म्हणाली.

त्या दिवसापासून माझी झोप गेली. सगळ्यांची भाजी जमणार आणि गाजराशिवाय अडणार, तेही संपूर्ण सोसायटीसमोर, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

*

गाजराचं बी उगवायला वेळ लागतो, हे मी वाचलं होतं. पण वाचलेल्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा माझा जुना प्रश्न. म्हणून चौथ्याच दिवशी जाड भिंगाचा चष्मा लावून मी वाफ्याची एक कडा हलकेच उकरली आणि चिमट्याने एक बी बाहेर काढून पाहिलं. काही नव्हतं. परत पुरलं. संध्याकाळी दुसरी कडा.

आहेर वहिनी वांग्यांना पाणी देत होत्या. दोन दिवस त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी झारी खाली ठेवून म्हणाल्या, "सर, पाळण्यातल्या बाळाला झोप लागली का, हे कोणी हलवून उठवून विचारतं का?"

मी चिमटा खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी घरीच विसरून आलो. मुद्दाम.

*

गांगुर्ड्यांनी याच सुमारास जीवामृत करायला घेतलं. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पाण्यात कालवून आंबवायचं आणि झाडांना घालायचं. आता हे आंबवायचं कुठे? तर पाचव्या मजल्यावरच्या स्वतःच्या बाल्कनीत. सूनबाईंनी काय सोसलं ते त्याच जाणोत. मुरल्यावर त्यांनी बादली लिफ्टने खाली आणायला घेतली आणि तिसऱ्या मजल्यावर लिफ्टला जो नेहमीचा गचका बसतो, तो बसला.

पुढे काय झालं ते लिहीत नाही. सोसायटीतले लोक आठवडाभर जिना चढत होते. चेअरमन तणतणत आले, तेव्हा गांगुर्डे शांतपणे म्हणाले, "साहेब, लिफ्टमध्ये काही पेरायचं असेल तर आत्ताच पेरून घ्या. जमीन तयार आहे."

*

पाखरं हरभऱ्याचे कोंब खायला लागली, म्हणून पगारेंनी बुजगावणं उभं केलं. काठीवर आपला जुना गार्डाचा पांढरा युनिफॉर्म चढवला, वर टोपी, एका हातात हिरवी झेंडी. पाखरांना काही फरक पडला नाही. ती झेंडीवर बसून खाली हरभऱ्यात उतरायची. बहुधा लाइन क्लिअर समजत असावीत.

एका सकाळी मात्र पार्सलवाला कुंपणापलीकडून त्या बुजगावण्याला बी विंगचा रस्ता विचारत होता. आधी साधं विचारलं, मग जरा मोठ्याने, मग "ओ काका, ऐकू येत नाय का?" असं. पगारे वांग्यांच्या मागे बसून सगळं ऐकत होते. पार्सलवाला वैतागून निघून गेला, तसे ते उठले.

"नोकरीत असताना मला कोणी एवढं काही विचारलं नव्हतं," म्हणाले.

*

माझं गाजर उगवलं. उगवलं म्हणजे काय, दाटीच झाली! बी कमी पडेल या भीतीने मी तिप्पट टाकलं होतं. वहिनी म्हणाल्या, विरळणी करा. दोन रोपांत चार बोटं अंतर ठेवा, मधली उपटून टाका, नाहीतर खाली गाजर धरणारच नाही.

उपटायची, पण कोणती? सगळी सारखीच दिसत होती. एकाला ठेवून दुसऱ्याला काढायचं तर काही निकष हवा. मला एकच न्याय्य मार्ग सुचला. रोपांना क्रमांक द्यायचे आणि यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारख्या, संख्यांच्या तक्त्यावरून निवड करायची. मी तक्ता घेऊन वाफ्यापाशी बसलो. वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना पद्धत समजावली. त्यांचा चेहरा हळूहळू सटाण्याकडे वळताना दिसला.

"सर," त्या म्हणाल्या, "हाई गाजर शे, इलेक्शन नही!"

मी म्हटलं, उद्या नक्की काढतो. मग थंडी वाढली, मग पाला इतका सुंदर दिसायला लागला की हात होईना. येणारे-जाणारे थांबून म्हणायचे, सरांचं गाजर बघा कसं माजलंय. मी मान डोलवायचो. खाली काय आहे, हे फक्त मला माहीत नव्हतं. वहिनींना बहुधा माहीत होतं.

*

डिसेंबरच्या शेवटी निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली आणि मला वाफ्याची काळजी लागली. गाजराला थंडी मानवते, हेही वाचलं होतं. पण किती थंडी? घरात कपाटभर शाली पडून होत्या. चर्चासत्रं, उद्घाटनं, निरोप समारंभ, जिथे गेलो तिथून एक मिळालेली. संध्याकाळी त्यातल्या सात-आठ नेऊन वाफ्यावर नीट पांघरल्या आणि कडांना विटा ठेवल्या.

सकाळी गेलो तर शाली दवाने ओल्या झाल्या होत्या आणि वाफ्याच्या बरोबर मधोमध एक नारळ ठेवलेला होता. पगारे शेजारी हात जोडून उभे.

"शाल झाली होती, सर. श्रीफळ राहिलं होतं."

*

आणि भोगी आली.

सकाळीच सगळी सोसायटी प्लॉटवर जमली. तीन दगडांवर मोठं पातेलं चढलं होतं, बाजूला भाकऱ्या थापणं चालू होतं. वहिनींची वांगी निघाली, वालाच्या शेंगा निघाल्या, गांगुर्ड्यांचे मटार निघाले, पगारेंचा पाखरांनी उरवलेला हरभरा निघाला. मग पगारेंनी शिट्टी वाजवली आणि सगळे माझ्या वाफ्याभोवती उभे राहिले.

मी पाल्याचा झुबका धरून ओढला. सहज वर आला. खाली दोरे. पांढरे, बारीक, शिवायच्या दोऱ्याएवढे. दुसरा झुबका, तेच. माझे कान तापले. तिसऱ्या झुबक्याखाली मात्र बोटांना काहीतरी जाड लागलं. पाला वेगळा वर आला आणि मागून गाजर वेगळं निघालं. लांबलचक, लालबुंद. मी पेरलेलं बी केशरी गाजराचं होतं.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या पदराने कपाळ पुसत होत्या.

पुढचं केशरीच निघालं. जाडजूड, धुतलेलं, आणि त्यावर मॉलचं स्टिकर. बाजारातलं पानही चालणार नाही म्हणणारे पगारे आकाशातलं विमान शोधायला लागले. त्यापुढच्या तीन गाजरांना जीवामृताचा वास येत होता. गांगुर्डे खोकले. शेवटी कडेला हात घातला, तर सोललेलं गाजर हाताला आलं. पीलरने स्वच्छ सोललेलं, दोन्ही टोकं कापलेलं. आमची ही भाकऱ्यांकडे बघायला म्हणून लगबगीने निघून गेली.

 मी उठणार, एवढ्यात एक झुबका राहिला होता तो वहिनींनी मला दाखवला. तो ओढला. निघायला जरा वेळ लागला. बोटाएवढं, वाकडं, दोन पाय फुटलेलं केशरी गाजर, पाल्याला घट्ट चिकटून.

वहिनींनी ते हातात घेऊन माती झटकली.

"हे मात्र सरांचं," त्या म्हणाल्या.

पगारेंनी नियमाप्रमाणे बाकीची सगळी गाजरं गोळा करून कुंपणापलीकडच्या गाईला घातली आणि पातेल्यात माझं ते एकच गेलं. पन्नास माणसांच्या भाजीत.

पंगत बसली. वहिनी वाढत होत्या. माझ्या ताटाशी आल्या, पातेल्यात डाव जरा जास्तच फिरवला आणि भाजी वाढून पुढे गेल्या. मी पाहिलं तर वांग्याच्या फोडीआड ते गाजर आख्खंच्या आख्खं, दोन्ही पायांसकट माझ्या ताटात पडलं होतं. मी इकडेतिकडे न बघता खाऊन टाकलं.

हात धुवायला उठलो, तर नळापाशी पगारे मिशा पुसत उभे होते. मागे गांगुर्डे, त्यांच्या मागे चेअरमन, मग बी विंगचे सगळे.

"काही म्हणा सर," पगारे म्हणाले, "भाजीला खरी चव आणली ती गाजरानेच."

"गोड होतं," मागून चेअरमन म्हणाले. "माझ्या वाट्याला तर दोन फोडी आल्या."